पिंपरी, परळ आणि एक प्लास्टिकची चकती

ज्यांना एपिसोड ऐकायला चाळीस मिनिटं नाहीत, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लिखित रूप. बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'बरं का' तेवढे कमी केलेत, बाकी तेच.

मागच्या महिन्यात एका श्रोत्याचा मेसेज आला होता. नाशिकचाच आहे, त्याच्या नात्यातल्या एकाचं वॉल्व्ह बदलायचं ऑपरेशन झालं, कारण वॉल्व्हला इन्फेक्शन झालं होतं. त्याने विचारलं होतं, "ऑपरेशन तर झालं, पण अशी माणसं पुढे किती जगतात?" मी डॉक्टर नाही, कोड लिहितो. एका माणसाचं काय होईल ते त्याचे डॉक्टरच सांगू शकतात. पण या आजारातून माणसं वाचायला कधी लागली, कशामुळे लागली, हा इतिहासाचा प्रश्न आहे, आणि तो शोधायला गेलो तर गोष्ट पिंपरी-चिंचवड, परळ आणि तिरुअनंतपुरम अशी फिरून परत आपल्या नाशिकच्या लॅबमध्ये आली. सगळं श्रेय ऑपरेशनला जातं. माझं म्हणणं असं की ऑपरेशन हा या गोष्टीचा फक्त मधला भाग आहे.

आधी आजार समजून घेऊ. आपल्या हृदयात चार वॉल्व्ह असतात, मराठीत झडपा. दिवसाला साधारण एक लाख वेळा त्या उघडतात आणि मिटतात. वर्षाला साडेतीन कोटींच्या वर. त्यांचं काम एकच, रक्त पुढे जाऊ द्यायचं, मागे येऊ द्यायचं नाही. आता समजा यातली एखादी झडप आधीच थोडी खराब आहे, खरबरीत झालीय. रक्तात कुठून तरी जंतू शिरले, हिरड्यातून, जखमेतून, सलाईनच्या सुईतून, तर ते त्या खरबरीत जागी चिकटतात. त्यावर रक्ताच्या गुठळीचं आवरण तयार होतं, आत जंतू वाढत राहतात. टू-डी इकोत तो गोळा झडपेवर हलताना दिसतो. डॉक्टर त्याला 'व्हेजिटेशन' म्हणतात. भाजी नव्हे, पण नाव तिथूनच आलंय. या आजाराचं नाव इन्फेक्टिव्ह एंडोकार्डायटिस.

वाईट गोष्ट अशी की झडपेच्या पातळ पडद्याला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. सगळं रक्त तिच्या अंगावरून वाहतं, पण तिच्या आत जात नाही. त्यामुळे शरीराचे पांढरे सैनिक त्या गोळ्याच्या पोटात पोचतच नाहीत. जंतू मजेत राहतात, झडप कुरतडतात आणि गोळ्याचा एखादा तुकडा सुटला तर तो रक्ताबरोबर थेट मेंदूत, मूत्रपिंडात, पायात कुठेही जाऊन अडकतो.

लक्षणं काय? ताप. बारीक, रोज येणारा, जाता न जाणारा ताप. थकवा, वजन उतरणं, रात्रीचा घाम. टायफॉइड असेल, मलेरिया असेल, टीबी असेल असं वाटण्यासारखं सगळं. ही ओळ लक्षात ठेवा, नंतर लागणार आहे.

१८८५ मध्ये विल्यम ऑस्लर या डॉक्टरने लंडनमध्ये या आजारावर तीन व्याख्यानं दिली आणि तेव्हापासून त्याचं चित्र स्पष्ट झालं. पण स्पष्ट झालं म्हणजे काय, तर डॉक्टरला रोगी कशाने मरतोय हे कळायला लागलं. इलाज शून्य. संगीतकार गुस्ताव मालर न्यूयॉर्कमध्ये १९११ च्या फेब्रुवारीत तापाने पडला. तिथले त्या वेळचे सगळ्यात मोठे तज्ज्ञ, इमॅन्युएल लिबमन, यांच्या देखरेखीखाली त्याच्या रक्ताची तपासणी झाली. काचेच्या बशीत जंतू वाढले, निदान पक्कं झालं. मे महिन्यात तो व्हिएन्नात गेला, पन्नासाव्या वर्षी. अचूक निदान आणि हातात काहीच नाही.

त्याहून अंगावर येणारी गोष्ट हार्वर्डच्या एका मेडिकल विद्यार्थ्याची आहे, आल्फ्रेड राइनहार्ट. लहानपणी र्‍हुमॅटिक फीव्हर झालेला, झडप त्यामुळे आधीच खराब. १९३१ मध्ये त्याला स्वतःच्या त्वचेवर बारीक लाल ठिपके दिसले आणि पुस्तक वाचलेलं असल्यामुळे त्याला लगेच कळलं की आपण काही महिन्यांचे सोबती आहोत. तो विशीतला पोरगा शेवटपर्यंत स्वतःच्या आजाराच्या नोंदी लिहीत राहिला. त्याच वर्षी गेला. नोंदी पुढे छापून आल्या.

मग आलं पेनिसिलिन. फ्लेमिंगची बुरशीची गोष्ट शाळेत सगळ्यांनी वाचलीय, ती सोडतो. आपल्याला हवी ती गोष्ट ब्रुकलिनची, १९४३-४४ ची. युद्ध चालू होतं, पेनिसिलिन मोजून मिळायचं आणि एंडोकार्डायटिससाठी ते वापरू नका असं अमेरिकेतल्या वाटप करणाऱ्या समितीचं धोरण होतं. कारण सुरुवातीला छोट्या डोसांवर प्रयोग झाले आणि ते फसले. मरणाऱ्यावर औषध वाया कशाला घालवायचं, असा हिशेब. लिओ लोवे नावाच्या डॉक्टरला हे पटलं नाही. फायझर कंपनीच्या जॉन स्मिथकडून त्याने औषध मिळवलं आणि कधी नव्हे इतके मोठे डोस, सलाईनसारखे थेंब थेंब, आठवडेच्या आठवडे दिले. १९४४ मध्ये त्याने सात रुग्णांचा अहवाल छापला, ज्या आजारात जवळजवळ सगळे जायचे त्यात हे सात जण सुधारले होते. मुद्दा औषधाइतकाच डोस आणि मुदतीचा होता. आजही एंडोकार्डायटिसला चार ते सहा आठवडे शिरेतून अँटिबायोटिक देतात, त्यामागे हीच अक्कल आहे.

आता पिंपरी. स्वतंत्र भारतात पेनिसिलिन बाहेरून यायचं आणि महाग पडायचं. मुंबईच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचे संचालक साहिबसिंग सोखी यांच्यासारखी माणसं हे औषध इथेच तयार झालं पाहिजे म्हणून मागे लागली होती. युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली आणि १९५५ मध्ये तिथून पेनिसिलिन बाहेर पडायला लागलं. हिंजवडीला नोकरी करणाऱ्या आमच्यातल्या अनेकांनी एच.ए. कॉलनी हे नाव फक्त रिक्षावाल्याला सांगायचा पत्ता म्हणून ऐकलेलं असतं. ती एच.ए. हीच. पिंपरी-चिंचवडची कारखान्यांची वसाहत वाढत गेली त्याच्या सुरुवातीच्या पानांवर ती आहे, हे कुणी आम्हाला सांगितलं नव्हतं.

पेनिसिलिनचा आपल्याकडे दुहेरी उपयोग होता. एक म्हणजे झालेला एंडोकार्डायटिस बरा करणं. दुसरा त्याहून मोठा. आपल्याकडे झडपा मुळात खराब व्हायच्या त्या र्‍हुमॅटिक फीव्हरमुळे. लहान मुलाचा घसा दुखतो, जंतू स्ट्रेप्टोकॉकस, पोर दोन-तीन दिवसांत खेळायला लागतं. काही आठवड्यांनी सांधे सुजतात, आणि शरीर त्या जंतूशी लढता लढता चुकून स्वतःच्याच झडपांवर हल्ला करतं. दाटीवाटीची वस्ती, एका खोलीत आठ माणसं, तिथे हा आजार जास्त. गिरणगावच्या चाळी असोत की पाड्यावरची शाळा. अशा मुलाला दर एकवीस दिवसांनी कमरेत लांब पल्ल्याच्या पेनिसिलिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं द्यावं लागतं. पेनिड्युर हे नाव ज्या घरात ऐकलं असेल, त्या घराला ते इंजेक्शन किती दुखतं तेही माहीत असेल.

पण पेनिसिलिन जंतू मारतं, फाटलेली झडप शिवत नाही. इथे आजाराचा इतिहास एक विचित्र वळण घेतो. पूर्वी माणसं इन्फेक्शनने मरत होती. आता इन्फेक्शन बरं व्हायचं आणि माणूस काही आठवड्यांनी, महिन्यांनी दम लागून, पाय सुजून, हार्ट फेल होऊन जायचा. कुरतडलेल्या झडपेतून रक्त मागे गळत राहायचं. रिपोर्ट नॉर्मल आणि पेशंट जातोय.

तेव्हा परळला काय चाललं होतं? के.ई.एम. हॉस्पिटल १९२६ मध्ये सुरू झालं, शेठ जी. एस. मेडिकल कॉलेजला जोडून. देणगीची अटच अशी होती की शिकवणारे आणि काम करणारे डॉक्टर भारतीय असावेत. तिथे डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९५० च्या दशकात बंद हृदयावरच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या. बंद म्हणजे हृदय चालू असताना, आत न बघता, त्याच्या एका कप्प्याच्या टोकातून सर्जनचं बोट आत जायचं आणि र्‍हुमॅटिक फीव्हरने चिकटलेली झडप स्पर्शाने मोकळी करायचं. मशीन नाही, स्क्रीन नाही. मला हे वाचताना लाइव्ह सर्व्हरवर डोळे मिटून काम करणारा माणूस दिसतो, आणि तरी ते अपुरं वर्णन आहे.

हेच सेन फेब्रुवारी १९६८ मध्ये हृदय प्रत्यारोपण करणारे भारतातले पहिले सर्जन ठरले. बर्नार्डने केपटाउनला जगातलं पहिलं केलं त्याला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. सेन यांचा रुग्ण काही तासच जगला. त्यामुळे ही गोष्ट पाठ्यपुस्तकात फारशी येत नाही. माझ्या मते यायला हवी. महानगरपालिकेच्या हॉस्पिटलमध्ये, जिथे केसपेपर काढून कुणीही जाऊ शकतं, तिथे हे घडलं.

पण बोटाने मोकळी होते ती चिकटलेली झडप. जंतूंनी खाल्लेल्या, गळक्या झडपेवर बोटाचा उपयोग नाही, उलट तो गोळा फुटून मेंदूत जायचा. तिथे झडप कापून काढून नवीनच बसवायला हवी. त्यासाठी दोन गोष्टी लागतात. हृदय थांबवून रक्त फिरतं ठेवणारं मशीन, ते १९५३ मध्ये गिबनने माणसावर यशस्वी करून दाखवलं. आणि कृत्रिम झडप. ती १९६० मध्ये आली, अल्बर्ट स्टार हा सर्जन आणि लोवेल एडवर्ड्स हा निवृत्त इंजिनिअर यांच्या जोडीतून. एडवर्ड्स पाण्याच्या पंपांवर आणि हायड्रॉलिक्सवर काम केलेला माणूस, त्याला अख्खं कृत्रिम हृदय बनवायचं होतं. स्टारने सांगितलं, आधी एक झडप करून दाखवू. पिंजऱ्यात एक छोटा चेंडू, रक्ताच्या दाबाने वर-खाली. बस्स. स्कोप कमी करून घेतल्यामुळे प्रॉडक्ट बाहेर पडलं याचं इतकं सुंदर उदाहरण दुसरं नाही. सुरुवातीच्या यशस्वी रुग्णांपैकी एक जण दहा वर्षं जगला आणि मेला तो शिडीवरून पडून.

तरीही एंडोकार्डायटिसच्या रुग्णाला ही झडप बसवायला सर्जन धजावत नव्हते. नियम साधा होता आणि तो चुकीचाही वाटत नाही : पू असलेल्या जागी बाहेरची वस्तू ठेवायची नाही. धातू आणि कापडावर जंतू बसले की ते कधीच जात नाहीत. आधी इन्फेक्शन पूर्ण बरं करा, मग बघू. आणि तोपर्यंत पेशंट जायचा.

१९६५ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात वॉलेस आणि त्यांचे सहकारी यांनी तो नियम मोडला. औषधाला दाद न देणारं क्लेब्सिएला जंतूंचं इन्फेक्शन चालू असतानाच त्यांनी झडप कापून काढली आणि कृत्रिम झडप बसवली. रुग्ण वाचला. सडलेला भाग काढून टाकणं हाच इन्फेक्शनवरचा इलाज असू शकतो, हे त्या एका केसने दाखवलं. 'एंडोकार्डायटिसच्या ऑपरेशननंतर माणूस जगतो का' हा प्रश्न विचारता यायला लागला तो इथून.

मात्र कधी ऑपरेशन करायचं हा वाद पुढे चाळीस-पंचेचाळीस वर्षं चालला. २०१२ मध्ये दक्षिण कोरियातल्या डॉक्टरांनी ७६ रुग्णांचे चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाचं ४८ तासांच्या आत ऑपरेशन, दुसऱ्याला नेहमीसारखे उपचार, गरज पडली तर ऑपरेशन. मृत्यूंमध्ये मोठा फरक पडला नाही. पण सहा आठवड्यांत गुठळी सुटून मेंदूत किंवा इतरत्र अडकण्याचे प्रकार दुसऱ्या गटात आठ जणांना झाले, पहिल्या गटात एकालाही नाही. हे मोठ्या गोळ्याचे आणि झडप बरीच बिघडलेले रुग्ण होते, सगळ्यांना हा निकाल लागू होत नाही. पण 'थांबून बघू' यालाही किंमत असते, हे आकड्यात दिसलं.

आता आपल्या श्रोत्याचा प्रश्न. २००० ते २००५ दरम्यान २५ देशांतल्या २,७८१ रुग्णांचा एक मोठा अभ्यास झाला. त्यात जवळजवळ निम्म्यांचं ऑपरेशन झालं, आणि सगळे मिळून १७.७ टक्के हॉस्पिटलमध्येच दगावले. जे ऑपरेशन करून घरी जातात, त्यांच्यातले दहा वर्षांनी साधारण निम्म्याहून थोडे जास्त हयात असतात असं बहुतेक ठिकाणचे आकडे सांगतात. हा आकडा वाचून घाबरू नका, कारण त्या अभ्यासांतले रुग्ण बरेचसे साठीच्या आसपासचे, मधुमेह, किडनीचे आजार असलेले. आपल्याकडचं चित्र वेगळं आहे. दिल्लीच्या एम्समध्ये १९८१ ते १९९१ या काळात बघितलेल्या १८६ रुग्णांचं सरासरी वय २५ होतं. पंचवीस! म्हणजे हा ब्लॉग वाचणाऱ्यांचं वय. तरुण शरीर ऑपरेशन झेलतं, पण त्याला ती नवी झडप चाळीस वर्षं सांभाळायची असते.

आणि ती परवडायला हवी. १९८० च्या दशकापर्यंत आयात झडपेची किंमत हीच अनेकांसाठी भिंत होती. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या टीमने स्वदेशी झडप करायला घेतली. सर्जन आणि इंजिनिअर एका छताखाली. पहिली तीन डिझाइन्स फेल गेली. चौथ्यात कोबाल्ट-क्रोमच्या मिश्रधातूची चौकट आणि त्यात कलंडणारी प्लास्टिकची चकती. प्लास्टिक म्हणजे पॉलिथिनच, पण फार दणकट जातीचं, गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यात वापरतात ते. लॅबमध्ये मशीनवर ती चकती कोट्यवधी वेळा उघडून-मिटून झिजते का ते बघितलं, मग मेंढ्यांमध्ये, मग ६ डिसेंबर १९९० ला माणसात. आज ही चित्रा झडप एक लाखाहून जास्त लोकांना बसवलेली आहे. वलियाथन २०२४ मध्ये गेले. आमच्या क्षेत्रात तीन व्हर्जन फेल गेलेल्या टीमला चौथ्याचं बजेट मिळत नाही, म्हणून मला ही गोष्ट फार आवडते.

नाशिककडे येऊ. पूर्वी इथल्या माणसाला वॉल्व्हचं ऑपरेशन म्हटलं की पहाटेची पंचवटी पकडून दादर, तिथून के.ई.एम., कसारा घाटातून जाणं-येणं, एका नातेवाइकाचा फुटपाथवर मुक्काम. आता शहरात हार्टची हॉस्पिटलं आहेत, शालिमारजवळ सरकारी संदर्भ सेवा रुग्णालय आहे. पैशाच्या बाजूने राज्याची जीवनदायी योजना १९९७ पासून होती. नंतर राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली. शेजारचं धुळे त्यात होतं, नाशिक नव्हतं. आपल्याकडे ती आली नोव्हेंबर २०१३ मध्ये, राज्यभर लागू झाली तेव्हा. २०१७ पासून तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. वॉल्व्ह बदलण्याचं ऑपरेशन त्यात बसतं. हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र नावाचा माणूस बसतो, त्याला विचारायचं.

या योजनेच्या यादीत मला सगळ्यात शहाणपणाचा आकडा वाटला तो १२१. तेवढी फॉलो-अप पॅकेजेस तिच्यात ठेवली होती, म्हणजे ऑपरेशननंतरच्या तपासण्या आणि औषधं. कारण मेकॅनिकल झडप बसली की रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर. वॉर्फरिन किंवा त्याचा भाऊबंद. वॉर्फरिनचा इतिहास ऐकाल तर हसाल : खराब झालेला चारा खाऊन अमेरिकेतल्या गायी रक्तस्राव होऊन मरायच्या, त्यातलं रसायन विस्कॉन्सिनच्या शास्त्रज्ञांनी शोधलं, त्यावरून पुढे उंदरांचं औषध बनवलं, आणि १९५० च्या दशकात तेच डॉक्टरांनी माणसाला मोजून द्यायला सुरुवात केली. मोजून हा शब्द महत्त्वाचा. ते मोजमाप म्हणजे आयएनआर. निरोगी माणसात साधारण एक, मेकॅनिकल झडपवाल्यात झडपेप्रमाणे दोन ते साडेतीनच्या मध्ये ठेवायचा. खाली गेला तर झडपेवर गुठळी, चकती अडकते किंवा लकवा. वर गेला तर रक्तस्राव.

आणि तो हलतो कशाने? अँटिबायोटिकने, दारूने, मेडिकलवरून आणलेल्या पेनकिलरने, आणि हिवाळ्यात आपल्याकडे बाजार मेथी-पालकाने हिरवागार होतो त्याने. पालेभाजीतलं व्हिटॅमिन के गोळीच्या विरुद्ध काम करतं. पालेभाजी सोडायची नसते, रोज साधारण तेवढीच खायची असते. सुरगाण्याच्या किंवा पेठच्या पाड्यावरून आयएनआरसाठी दर महिन्याला एसटीने नाशिकला यायचं म्हणजे एक रोज बुडतो. मग एक महिना चुकतो, मग दोन. ऑपरेशन फुकट झालेलं असतं आणि माणूस अडकतो तो या फेरीत. घरात मुलीचं किंवा सुनेचं वॉल्व्ह बदललेलं असेल तर आणखी एक : ही गोळी गर्भाला घातक ठरू शकते, म्हणून दिवस राहण्याच्या आधी डॉक्टरांशी बोलायचं, नंतर नाही.

शेवटचं, ज्यासाठी मघाशी ती ओळ लक्षात ठेवायला सांगितली. नवी झडप हीसुद्धा जंतूंना बसायला जागा आहे. एकदा एंडोकार्डायटिस झालेल्यांपैकी शंभरात दोन ते सहा जणांना तो परत होतो. त्यामुळे वॉल्व्ह बदललेल्या माणसाला ताप आला, दोन-तीन दिवस राहिला, तर गल्लीतल्या दवाखान्यात जाऊन पाच दिवसांची अँटिबायोटिक गोळी घेऊन मोकळं व्हायचं नाही. अर्धवट गोळीने ताप दबतो, जंतू मरत नाही, आणि नंतर ब्लड कल्चर केलं तर त्यात काही उगवत नाही. मग कोणता जंतू, कोणतं औषध, सगळा अंदाज. म्हणून आधी ब्लड कल्चर, मग औषध. डॉक्टरला खोलीत शिरल्या शिरल्या सांगायचं, वॉल्व्ह बदललाय.

दाताचंही तेच. हिरड्यांना छेद जाणारं काम असेल, दात काढणं, खोल सफाई, तर अशा रुग्णाला आधी अँटिबायोटिकचा एक डोस देतात, डेंटिस्टला सांगितलं तर. रोज दोनदा ब्रश, तंबाखू-मिश्री बंद, सहा महिन्यांनी दात दाखवून येणं. त्या श्रोत्याला मी उत्तरात हेच पाठवलं, आणि त्याने परत विचारलं की नाशिकरोडला रविवारी आयएनआर कुठे होतो. कुणाला माहीत असेल तर कमेंटमध्ये टाका, मी त्याला पाठवतो.